हाताची उसनवारी

या सदराकडे येणाऱ्या पत्रांस आम्ही मासिकांतूनच उत्तर देत आलों आहों, आणि तें उत्तर वाचकांच्या हातीं पडावयास महिना-दीड महिना लागतो. मुलांचा अभ्यास, घरांतील नित्यनेम, वार्धक्यांतील आहार असल्या विषयांत तेवढ्या विलंबानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु वसई तालुक्यांतील एका एकत्र कुटुंबांतल्या सूनबाईंचें जें पत्र आम्हांस आलें, त्याचें उत्तर देण्यास आम्हीं टपालाचीहि वाट पाहिली नाहीं. पत्र वाचून झाल्यावर त्याच सायंकाळीं दूरध्वनीवरून तें कळविलें. त्या कुटुंबाच्या संमतीनें, नांवगांव गाळून, तो विषय आज सर्व वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण ज्या घरांत कोणाची तरी 'बायपास' झालेली आहे अशीं घरें आतां आपल्या समाजांत थोडीं राहिलेलीं नाहींत.

पत्रांतील मजकूर थोडक्यांत असा: सासरे बाहत्तर वर्षांचे. सात वर्षांपूर्वीं त्यांच्या पायांचा रक्तपुरवठा खुंटला, तेव्हां उजव्या कांखेपासून जांघेपर्यंत कातडीखालून एक नळी घालून पायांस रक्त पोहोंचविण्यांत आलें. दोन वर्षांपूर्वीं ती नळी बंद पडली. परंतु तोंपर्यंत पायांत लहान लहान वाहिन्या वाढून त्यांचें कसेंबसें भागूं लागलें होतें, म्हणून डॉक्टरांनीं ती तशीच राहूं दिली. आतां महिनाभर संध्या करतांना उजव्या हातांत पळी धरवत नाहीं. दोन बोटें एकाएकीं पांढरीं व गार पडतात, मुंग्या येतात आणि घटकाभरानें पुन्हां पूर्ववत् होतात. घरांतील वडीलधारीं माणसें म्हणतात, हा वात आहे, तेल कोमट करून चोळा. सूनबाईंचा प्रश्न एवढाच, कीं पायाच्या शस्त्रक्रियेचा हाताशीं कांहीं संबंध असूं शकतो काय?

संबंध असतो, आणि तो फार जवळचा असतो. आम्ही वैद्य नव्हे. मुलांस शब्दरूपें व समास शिकविण्यांत आमची हयात गेली. म्हणून पुढील विवेचन आम्हीं एका अनुभवी शस्त्रवैद्यांकडून तपासून घेतलें आहे, आणि त्यांत औषधाचें नांव घेण्याचा अधिकार आम्ही आपल्याकडे घेत नाहीं. घरच्या माणसांनीं काय ओळखावें आणि काय टाळावें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

वसईच्या वाड्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस हा विषय समजावयास कठीण जाऊं नये. विहिरीचें पाणी पूर्वीं रहाटानें डोणींत पडे, डोणींतून पाटांत, आणि पाटांतून केळींच्या व पानवेलींच्या वाफ्यांत. रहाट जाऊन पंप आले, तरी पाण्याचा धर्म बदलला नाहीं. एखादा पाट मातीनें बुजला आणि तो उकरणें शक्य नसलें, म्हणजे माळी शेजारच्या वाहत्या पाटास बगल फोडून त्याचें थोडें पाणी सुकत चाललेल्या वाफ्याकडे वळवितो. शस्त्रवैद्यांची 'बायपास' ती हीच. जेथें धमनी बुजली तेथें तिला न उकरतां वरच्या वाहत्या भागापासून खालच्या भागापर्यंत नवा पाट काढावयाचा. परंतु ज्या पाटाचें पाणी वळविलें त्या पाटाच्या वाफ्याचें पुढें काय होतें, हा प्रश्न माळी जसा विसरत नाहीं, तसा तो घरच्या माणसांनींहि विसरतां कामा नये.

या विद्येचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष कार्नो यांचा १८९४ सालीं लिआँ शहरीं सुरा खुपसून वध झाला. तुटलेली मोठी रक्तवाहिनी शिवण्याची युक्ति त्या काळीं कोणास ठाऊक नव्हती. तेथील अलेक्सिस कॅरल नांवाच्या तरुण वैद्यानें ही उणीव मनावर घेतली, आणि बारीक सुई कशी चालवावी हें शिकण्यासाठीं त्यानें भरतकाम करणाऱ्या एका बाईंचें शिष्यत्व पत्करलें, असें त्याच्या चरित्रांत सांगतात. १९०२ मध्यें त्यानें रक्तवाहिन्या जोडण्याची रीत प्रसिद्ध केली व १९१२ मध्यें त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९४८ मध्यें पॅरिसच्या झाँ क्यूनलँ यांनीं पायाचीच शीर काढून मांडींतील बंद धमनीस वळसा घातला. १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील ह्यूस्टन येथील डॉक्टर डीबेकी यांनीं डेक्रॉन कापड आणून शिवणयंत्रावर त्याच्या नळ्या शिवल्या. ज्या सुईदोऱ्यास आपण बायकी काम म्हणून नाक मुरडतों, त्या सुईदोऱ्याचे उपकार आज सहस्रावधि हातापायांवर आहेत, हें आमच्या पुरुष वाचकांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

पायांकडे जाणारी मुख्य धमनी पोटांत बुजली, तर सरळ मार्ग म्हणजे पोट उघडून तेथेंच नवी नळी बसविणें. परंतु रोगी वृद्ध, हृदयानें दुबळा, किंवा पोटांतील जुन्या नळींत पू झालेला असला, म्हणजे तो मार्ग जिवावर बेततो. अशांसाठीं १९६३ मध्यें सॅनफ्रान्सिस्कोचे ब्लेसडेल आणि त्यांचे सहकारी यांनीं कांखेजवळच्या धमनीपासून बरगड्यांवरून, कातडीखालून, जांघेपर्यंत नळी नेण्याची युक्ति प्रसिद्ध केली. पोट उघडावें लागत नाहीं आणि हाताची धमनी हातासह पायांसहि पुरते, असा हा बेत. हातानें पायास दिलेली ही उसनवारीच होय.

येथें सुश्रुताची आठवण आल्यावांचून राहत नाहीं. त्यानें शरीरांत १०७ मर्में सांगितलीं आहेत, आणि त्यांपैकीं 'लोहिताक्ष' नांवाचीं मर्में चार: दोन मांड्यांच्या मुळाशीं व दोन बाहूंच्या मुळाशीं. तेथें इजा झाल्यास रक्ताचा क्षय होऊन तो अवयव लुळा पडतो, असें त्याचें सांगणें आहे. आधुनिक शस्त्रवैद्य नळीचीं दोन टोकें शिवतो तीं याच दोन स्थानांच्या आसपास. याचा अर्थ प्राचीनांस बायपास ठाऊक होती असा कोणीं घेऊं नये; ती पोकळ बढाई होईल. अभिसरण म्हणजे रक्ताचें वर्तुळाकार फिरणें हें १६२८ मध्यें विल्यम हार्वे यानें सिद्ध केलें, आणि तेंहि दंडास पट्टी बांधून, फुगलेल्या शिरा बोटानें दाबून. परंतु अवयवाच्या मुळाशीं असलेला रक्ताचा मार्ग हें जीविताचें नाजूक स्थान आहे, ही जाण आपल्या शस्त्रवैद्यांस फार पूर्वीं होती, एवढें निःसंशय म्हणतां येतें.

आतां ही उसनवारी हातास केव्हां भोंवते तें पाहूं. पहिला प्रकार शस्त्रक्रियेनंतरच्या थोड्या आठवड्यांतला. नळी अजून आजूबाजूच्या मांसांत रुजलेली नसते. अशा वेळीं रोग्यानें उंच फडताळावरील डबा काढण्यास हात झटक्यानें वर केला, तर टांक्यांवर ताण पडून नळी धमनीपासून सुटूं शकते. कांखेंत एकाएकीं सूज, वेदना आणि घेरी येणें हीं त्याचीं चिन्हें, आणि तें जीवघेणें संकट होय. दुसरा प्रकार सावकाशीचा. जोडाच्या जागीं धमनीची भिंत दुबळी होऊन फुगा धरतो. कांखेंत ठोके देणारी गांठ हातास लागते.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा, आणि वरील पत्रांतील गृहस्थांचा तोच होता. नळी बंद पडली, पाय तरले, आणि घरच्यांनीं तो अध्याय संपला असें मानलें. परंतु कांखेंतील टोंक जागच्या जागींच राहतें. बुजलेल्या पाटाच्या तोंडाशीं जें डबकें उरतें त्यांत पाणी फिरत नाहीं, शेवाळ धरतें. आणि वाहत्या पाटाच्या धक्क्यानें त्या शेवाळाचा एखादा पुंजका सुटून पुढच्या वाफ्याच्या तोंडांत अडकतो. तसेंच त्या थोट्या टोंकांत रक्ताची गुठळी धरते आणि तिचे कण हाताच्या धमनींत वाहून जातात. शिवाय बंद पडलेली नळी आखडून धमनीस खालीं ओढते. धमनी सरळ न राहतां वाकते, आणि वाकणाशीं गुठळी धरण्यास आणखी सवड मिळते. नळी बंद पडल्यावर ही पीडा कित्येक महिन्यांनीं, क्वचित् वर्षांनींहि उद्भवते. म्हणून जुन्या शस्त्रक्रियेशीं तिचा संबंध जोडण्याचें कोणाच्या मनांतच येत नाहीं.

कण बारीक असले तर एक-दोन बोटें तेवढीं पांढरीं किंवा निळसर होतात, नखाखालीं काळे ठिपके येतात, आणि कांहीं काळानें सर्व निवळतें. हें निवळणेंच घातक. कारण त्यानें घरचीं माणसें निश्चिंत होतात. मोठी गुठळी सुटली, म्हणजे सर्व हात एकाएकीं दुखूं लागतो, थंड व फिकट पडतो, मनगटाची नाडी लागत नाहीं, स्पर्श कळत नाहीं आणि शेवटीं बोटें हलत नाहींत. तेथून पुढें वेळ मोजावा लागतो. रक्तावांचून स्नायु व मज्जातंतु सुमारें सहा तासांच्या पुढें कायमचे निकामी होऊं लागतात. आणि बधिरता व हालचाल बंद होणें हीं चिन्हें दिसलीं तर तितकाहि अवकाश नाहीं असें समजावें.

अशा वेळीं आपल्या घरांतून जे उपचार प्रेमानें केले जातात ते बहुधा उलटेच असतात. हात चोळूं नये. शेकूं नये, बधिर कातडीस भाजलेलें कळत नाहीं, आणि रक्तावांचून असलेली जागा भाजली तर ती भरूनहि येत नाहीं. हात उशीवर उंच ठेवूं नये. तो अंगाच्या सपाटीस किंवा किंचित् खालीं ठेवावा व मऊ कापडानें सैल झांकावा. त्रास किती वाजतां सुरू झाला तें कागदावर लिहावें. शस्त्रक्रियेचा संभव असतो म्हणून डॉक्टरांस विचारल्यावांचून खाण्यापिण्यास कांहीं देऊं नये, आणि रात्र आहे म्हणून सकाळची वाट पाहूं नये. १९६३ मध्यें थॉमस फोगर्टी यांनीं टोंकाशीं इवलासा फुगा असलेली एक बारीक नळी प्रसिद्ध केली. ती धमनींत घालून फुगा फुगवावयाचा आणि मागें ओढून गुठळी बाहेर काढावयाची, एवढें तें काम आज सुलभ झालें आहे. मात्र गुठळी काढून भागत नाहीं. जेथून ती येते तें टोंकहि काढून धमनी दुरुस्त करावी लागते, एरव्हीं दुखणें फिरून येतें.

आमच्या पत्रलेखिकेनें दुसऱ्याच दिवशीं सासऱ्यांस रक्तवाहिन्यांच्या शस्त्रवैद्यांकडे नेलें. तपासणींत कांखेंतल्या थोट्या टोंकांत गुठळी आढळली. तें टोंक काढून धमनीस पायाच्या शिरेचें ठिगळ लावण्यांत आलें. तर्जनीचें अग्र थोडें बधिर राहिलें आहे. परंतु हात वांचला, आणि पळी पुन्हां हातांत राहते, असें नंतर कळलें. त्या घरांत ज्यांनीं तेल चोळण्याचें सुचविलें ते अडाणी होते असें नव्हे. त्यांनीं पायाचें दुखणें पायांत आणि हाताचें दुखणें हातांत शोधलें, एवढेंच. शरीर मात्र असें खोल्याखोल्यांनीं वांटलेलें नाहीं.

पायांच्या बायपासहून हृदयाची बायपास आपल्या घरांत अधिक परिचित आहे, आणि तिचेंहि हाताशीं नातें आहे. लेनिनग्राड येथें कोलेसोव्ह यांनीं १९६४ मध्यें छातीच्या आंतल्या बाजूस उतरणारी धमनी हृदयाच्या धमनीस जोडली. १९६७ मध्यें क्लीव्हलंड येथें फावालोरो यांनीं पायाच्या शिरेचा उपयोग सुरू केला. आपल्या देशांत ही शस्त्रक्रिया १९७५ मध्यें मद्रासच्या पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयांत डॉक्टर के. एम. चेरियन यांनीं केली. छातीची धमनी पायाच्या शिरेहून अधिक वर्षें टिकते, हें क्लीव्हलंडच्या वैद्यांनीं १९८६ मध्यें दाखवून दिल्यापासून तीच प्रथम निवडतात. आतां लक्ष द्यावें: ही छातीची धमनी फुटते कोठून? डाव्या हातास रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीपासून. म्हणजे शस्त्रक्रियेनंतर हृदय आणि डावा हात हे एकाच पाटाचे दोन वाफेकरी झाले.

तो पाट दोघांच्या वर, फांटा फुटण्यापूर्वीं, अरुंद झाला तर काय होईल? डावा हात स्वस्थ असतांना कसेंबसें भागतें. परंतु त्या हातानें पाण्याची बादली उचलली, उंच दोरीवर धोतर वाळत घातलें, किंवा भाजीची जड पिशवी बाजारांतून आणली, म्हणजे हाताची तहान वाढते आणि तो हृदयाकडे गेलेलें रक्त उलट ओढून घेतो. हात गळल्यासारखा होतो आणि छातींत दुखतें. याच जातीची दुसरी चोरी मानेंतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनींत होते, आणि तींत हात चालवितांना घेरी येते. तिला १९६१ मध्यें फिशर या वैद्यानें चोरीचेंच नांव दिलें. आमच्या मतें हा चोर कींव करण्यासारखा आहे; उपाशी भावानें भावाच्या ताटांतला घांस घ्यावा, तसा तो प्रकार आहे.

हें ओळखण्याचें साधन प्रत्येक डॉक्टरापाशीं असतें, आणि पुष्कळ घरांतहि आतां असतें. दोन्ही दंडांचा रक्तदाब मोजावा. वरच्या अंकांत पंधरा-वीसाहून अधिक अंतर पुन्हां पुन्हां आढळलें, तर कमी दाबाच्या बाजूची धमनी तपासून घ्यावी. यांत आणखी एक मख्खी आहे. नेहमीं डाव्याच दंडास पट्टा बांधून दाब ठीक आहे असें समजणाऱ्या माणसाचा खरा दाब उजव्या हातांत कितीतरी अधिक असूं शकतो. बायपास झालेल्या माणसानें वर्षांतून एकदां तरी दोन्ही हात तपासून घ्यावे; या परीक्षेस पैसा लागत नाहीं आणि दुखत तर मुळींच नाहीं. अरुंद झालेली धमनी आंतून फुग्यानें रुंद करून जाळीची नळी बसविणें, किंवा मानेंतल्या धमनीपासून नवा वळसा देणें, हे उपाय आज होतात.

हृदयासाठीं कित्येकदां मनगटाची धमनीहि काढून घेतात. १९७१ मध्यें पॅरिसचे कार्पेंतिए यांनीं ही रीत आरंभिली. मध्यंतरीं ती मागें पडली आणि पुढें पुन्हां रूढ झाली. आपले वैद्य अंगुष्ठमूलाशीं जी नाडी पाहतात, ती हीच. शार्ङ्गधरानें नाडीपरीक्षेस स्वतंत्र अध्याय दिला. त्या परंपरेंतील वैद्यराजांस असल्या रोग्याच्या एका मनगटावर नाडी न लागल्यास त्यांनीं दचकूं नये. तळहातास दुसरी धमनी करंगळीच्या बाजूनें येते आणि तिच्या बळावर हात चालतो. ती पुरेशी आहे कीं नाहीं याची परीक्षा एडगर ॲलन यांनीं १९२९ मध्यें सांगितली आहे: मूठ घट्ट आवळून मनगटाच्या दोन्ही धमन्या दाबावयाच्या, मूठ उघडून तळहात पांढरा झालेला पाहावयाचा, आणि करंगळीकडचा दाब सोडतांच कांहीं क्षणांत लाली परत येते काय तें पाहावयाचें. धमनी काढल्यावर अंगठ्याच्या बाजूस थोडी बधिरता पुष्कळांस राहते, व ती बहुधा निरुपद्रवी असते. परंतु बोटें गार व फिकट पडूं लागलीं तर तें दुर्लक्षण्यासारखें नव्हे.

मूत्रपिंडाच्या विकारानें ज्यांचें रक्त यंत्रानें शुद्ध करावें लागतें, त्यांच्या हातांत धमनी व शीर एकमेकींस जोडतात. ही युक्ति १९६६ पासूनची आहे. तेथेंहि बोटांच्या वांट्याचें रक्त परस्पर शिरेंत जाऊन हात गार पडण्याचा संभव असतो. रक्तशुद्धि चालू असतांना बोटें दुखूं लागलीं तर तें संकोचानें सोसूं नये, तेथल्या तेथेंच सांगावें. त्या हातास रक्तदाबाचा पट्टा बांधूं देऊं नये, आणि तो हात उशाशीं घेऊन झोपूं नये.

हातांतील नाडी हरपण्याच्या रोगावर मुंबईंत झालेलें काम आमच्या वाचकांस अभिमान वाटण्यासारखें आहे. जपानांतील ताकायासु या नेत्रवैद्यानें १९०८ मध्यें एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांतील चमत्कारिक रक्तवाहिन्यांचें वर्णन केलें. पुढें कळलें कीं अशा रोग्यांच्या मनगटावर नाडीच नसते. मोठ्या धमन्यांच्या भिंती सुजून त्या अरुंद होण्याचा हा रोग विशेषेंकरून तरुण स्त्रियांस जडतो. परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत, जेथें डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन यांनीं १९६८ च्या फेब्रुवारींत भारतांतील पहिलें हृदयारोपण केलें, तेथेंच त्यांनीं व डॉक्टर किणरे, केळकर आणि परुळकर यांनीं या रोगाच्या १०१ रुग्णांचा अभ्यास करून १९७३ मध्यें ग्रंथ प्रसिद्ध केला. घरांतील एखादी मुलगी वेणी घालतांना हात भरून येतो म्हणूं लागली, तर तिला आळशी ठरविण्यापूर्वीं तिच्या दोन्ही मनगटांची नाडी पाहावी, एवढा बोध त्यांतून आपण घेतला तरी पुष्कळ झालें.

आतां गृहव्यवस्थेच्या दोन गोष्टी. पहिली कागदाची. आपल्या घरांत पणजोबांची जन्मपत्रिका तांबड्या फडक्यांत बांधून पेटींत जपलेली असते. परंतु आजोबांच्या शस्त्रक्रियेचा कागद मागितला, तर तो पुण्याच्या काकांकडे आहे कीं परदेशीं असलेल्या मुलाकडे, याचाच वाद सुरू होतो. वरील पत्रांतील घरीं तो कागद सूनबाईंनीं जपून ठेवला होता, म्हणूनच नळी कोणत्या कांखेंतून निघाली हें शस्त्रवैद्यांस एका दृष्टिक्षेपांत कळलें. कोणत्या सालीं, कोठें, कोणती नळी, कोठून कोठवर, आणि रक्त पातळ ठेवण्याचें कोणतें औषध चालू आहे, एवढें एका कागदावर स्वच्छ लिहून पत्रिकेच्याच पेटींत ठेवावें. गतजन्मींचा हिशेब ठेवणाऱ्या कुलांनीं चालू देहाचाहि ठेवावा. आणि तें औषध उपवास आहे, दांत काढावयाचा आहे, अशा कारणानें डॉक्टरांस न विचारतां कधींहि थांबवूं नये.

दुसरी गोष्ट अंतराची. विरारहून चर्चगेट सुमारें साठ किलोमीटर. मध्यें खाडी, आणि रस्त्यावरची कोंडी सर्वांच्या परिचयाची. १९३६ मध्यें विजेची गाडी विरारपर्यंत आली तेव्हां मुंबई जवळ आली असें लोक म्हणाले. परंतु गार पडलेल्या हाताच्या घड्याळानें मोजलें तर ती अजून दूरच आहे. म्हणून जवळच्या कोणत्या रुग्णालयांत रक्तवाहिन्यांचे शस्त्रवैद्य रात्रींहि मिळतात, याची चौकशी प्रसंग येण्यापूर्वींच करून तो क्रमांक भिंतीवर लावावा. १०८ हा क्रमांक मुलांसहि पाठ असावा. कातडीखालून नळी असलेल्या माणसानें त्या कुशीवर निजूं नये, कमरेस पट्टा किंवा धोतराचा कांचा घट्ट आवळूं नये. तंबाखूचा धूर तर मुळींच नको. ज्या धुरानें पहिला पाट बुजविला तो दुसराहि बुजवितो.

राहतां राहिला स्वभावाचा प्रश्न. आपल्या पिढीचीं माणसें दुखणें सांगत नाहींत. पळी डाव्या हातांत जाते, गंध उगाळणें नातवाकडे जातें, जपमाळ लवकर खुंटीस लागते, आणि विचारलें तर 'कांहीं नाहीं' असें उत्तर येतें. हे बदल प्रथम दिसतात ते घरांतील स्त्रियांस. आणि बहुतेक घरांत त्यांच्याच बोलण्यास सर्वांत उशीरां मान मिळतो. त्या सूनबाईंनीं 'मी काय सांगणार' म्हणून गप्प राहणें पसंत केलें असतें, तर एक हात गेला असता. आम्ही आमच्या समवयस्कांस एवढेंच विनवितों: मुलांस त्रास नको म्हणून आपण जें लपवितों, त्याचा त्रास शेवटीं त्यांसच होतो, आणि तो कितीतरी वाढून होतो.

एकत्र कुटुंबांत एका भावानें दुसऱ्यास पडत्या काळीं हात देणें हा आपला धर्म मानला जातो, आणि तो बरोबर आहे. परंतु ज्यानें दिलें त्याची विचारपूस पुढेंहि चालू ठेवणें हा त्याच धर्माचा उत्तरार्ध होय. कुटुंबांत तो विसरला म्हणजे मनें तुटतात आणि देहांत विसरला म्हणजे अवयव. आज सायंकाळीं दिवेलागणीनंतर घरांतील बायपास झालेल्या वडीलमाणसाचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन ते सारखेच उबदार आहेत काय एवढें पाहावें. नमस्काराच्या निमित्तानें तें सहज होण्यासारखें आहे. इत्यलम्.